पार्ट येतोय

दुरुस्तीच्या धंद्यात 'येतोय' हा शब्द नसता, तर अर्ध्या दुकानांना कधीच टाळं लागलं असतं. गिऱ्हाईक विचारतं, "पार्ट आला का?" दुकानदार डोकं वर न करता म्हणतो, "येतोय." कुठून येतोय, कशानं येतोय, मुळात निघाला तरी आहे का, हे विचारायची पद्धत नाही. पार्ट म्हणजे लाजरा पाहुणा. तो सदा वाटेतच असतो. बंदरामागच्या गल्लीत पंपवाल्याकडे एक पार्ट नऊ वर्षं येत होता. शेवटी पंपवालाच गेला. त्याच्या मुलानं दुकान सांभाळायला घेतलं, आणि पहिल्याच दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं, "येतोय." तेव्हा सगळ्या गल्लीला खात्री पटली, की पोरगा धंदा चालवणार.

त्या गल्लीत एकट्या मिस्त्रींनी हा शब्द जपून वापरला होता. पाण्यात बुडी मारून काम करणारे जे पाणबुडे, त्यांच्या पाठीवरच्या हवेच्या टाक्यांचे वॉल्व्ह मिस्त्री दुरुस्त करत. चाळीस वर्षं हेच. टाकी म्हणजे कमरेएवढं पोलादी नळकांडं, त्यात दोनशे पट दाबून कोंबलेली हवा, आणि तोंडावर मुठीएवढा पितळी वॉल्व्ह. मिस्त्री तो वॉल्व्ह खोलत, खाऱ्या पाण्यानं चढलेला हिरवा गंज पातळ आम्लात बुडवून काढत, रबरी रिंगा बदलत, आतली सीट बदलत, परत जोडत आणि पाण्याच्या बादलीत धरून बुडबुडा येतो का ते बघत. एक जरी बुडबुडा आला, तरी परत सगळं पहिल्यापासून.

दुकान सहा पावलं लांब आणि तीन पावलं रुंद. एका भिंतीला नुसते खण होते, काडेपेटीच्या मापाचे, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी. वॉल्व्ह बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या बंद पडल्या होत्या, पण त्यांचे वॉल्व्ह काही बंद पडायला तयार नव्हते. त्यांचे सुटे भाग मिळवायचे, तर मेलेल्या वॉल्व्हमधून काढा, नाहीतर पत्रं पाठवा. मिस्त्री पत्रं पाठवत. कुठल्या कुठल्या बंदरातल्या अनोळखी दुकानदारांना, निवृत्त स्टोअरकीपरना, एकदा तर एका वारलेल्या माणसाला. त्याच्या बायकोनं उलटटपाली बारा रिंगा आणि एक शोकपत्र पाठवलं होतं. पार्ट निघाल्याची पावती हातात पडली, की मगच मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगत, "येतोय." आणि तो येई. गल्लीतले बाकीचे दुकानदार त्यांच्याकडे जरा संशयानंच बघत.

या माणसानं आयुष्यात एकदाच खोटं 'येतोय' म्हटलं. तेही आपल्या मेहुण्याला. आणि एकदा म्हणजे चौतीस सोमवार.

मेहुणा म्हणजे मिस्त्रींच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो पाणबुड्या. लग्न ठरलं तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी मिस्त्रींना विचारलं होतं, "मुलगा काय करतो?"

"बुडतो," मिस्त्री म्हणाले.

"आणि?"

"वर येतो."

एवढ्या माहितीवर लग्न झालं. दोघांची मैत्री आधीपासूनची. लग्नानंतर महिनाभर त्यांनी एकमेकांना अहो-जाहो करून पाहिलं, दोघांनाही गुदगुल्या झाल्या, आणि गाडी परत अरे-तुरेवर आली. फक्त चिडवायचं असलं, की मिस्त्री त्याला 'जावईबापू' म्हणत.

एकतीस वर्षं जावईबापूंनी जहाजांची बुडं खरवडली, पंख्यात अडकलेले दोर कापले, आणि लोकांनी पाण्यात पाडलेल्या वस्तू वर काढल्या. नांगर, चष्मे, एकदा एका कप्तानाची कवळी. कप्तानानं ती हातातून घेतली आणि तिथंच, न धुता, तोंडात बसवून 'थँक्यू' म्हटलं. ही गोष्ट जावईबापू वर्षातून चार वेळा सांगत, आणि चारही वेळा स्वतःच आधी हसत.

मग पाणबुड्यांचं होतं तेच झालं. वर्षानुवर्षं दाबाखाली राहून गुडघ्यांची आणि खांद्याची हाडं आतून खचली. निवृत्तीनंतर हृदयानंही कुरकुर सुरू केली. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. म्हणाले, "परत पाण्यात उतरलात, तर तुम्हाला वर काढायला दुसरा पाणबुड्या लागेल." कंपनीनं आपली सामग्री परत घेतली. जुने सोबती टाकी उसनी देईनात, कारण ही बातमी सगळ्या बंदरानं ऐकली होती. उरली एक टाकी, तिच्या श्वासाच्या नळीसकट, जावईबापूंची स्वतःची, त्यांनी उमेदीच्या काळात घेतलेली.

तीच खांद्यावर मारून ते एका सोमवारी दुकानात आले. धापा टाकत नव्हते, हे मिस्त्रींना पुढे बऱ्याचदा आठवायचं होतं.

"वॉल्व्ह बंदच होत नाही रे. कितीही आवळ, सूं करतोय."

"तुला काय करायचंय आता वॉल्व्ह बंद करून? फुलदाणी कर टाकीची."

"एकदा जायचंय खाली. धक्क्याजवळच. फार खोल नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर वरचे आहेत. त्यांना खालचं काय कळतंय?" जावईबापू स्टुलावर बसले, म्हणजे आधी एक गुडघा वाकवला, मग दुसऱ्याची समजूत काढली. "तुला सांगू? खाली गेलं ना, की गुडघे कुठे आहेत ते आठवावं लागतं. इथं ते मला रात्रंदिवस आठवण करून देतात. एकदा, अर्धा तास, मला ते विसरायचेत. बस. मग कर तू फुलदाणी."

मिस्त्रींनी वॉल्व्ह खोलला. आतली सीट, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी कडक प्लॅस्टिकची चकती, चिरफाळली होती. कंपनी केव्हाच बुडालेली. आणि नवा वॉल्व्ह लावायचा तर ते जमत नव्हतं, कारण टाकी जुनी होती. जुन्या टाक्यांच्या गळ्यातले आटे इंचाच्या मापाचे. नवे वॉल्व्ह सगळे मिलिमीटरचे. मिलिमीटरचा वॉल्व्ह इंचाच्या टाकीत बसत नाही असं सांगतात, पण ते खरं नाही. तो बसतो. तीच तर भानगड. तो किंचित बारीक असतो, म्हणून गुमान आत जातो, रबरी रिंग त्याला घट्ट आवळून धरते, आणि वरून बघणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसतं. मग हवा भरताना, नाहीतर भरल्यावर चार दिवसांनी, तो तोफेच्या गोळ्यासारखा निघतो. समोर छप्पर असेल तर छप्पर, माणूस असेल तर माणूस. मिस्त्रींच्या गुरूच्या दोन्ही हातांत मिळून सात बोटं होती, आणि पहिल्या दिवशी त्यांनी हा धडा बोटं मोजूनच शिकवला होता.

"सीट मिळवावी लागेल," मिस्त्री म्हणाले. "पत्र टाकतो. वॉल्व्ह इथं राहू दे, टाकी घरी ने."

त्यांनी सात पत्रं टाकली. सातवं पत्र त्या बुडालेल्या कंपनीच्या जुन्या स्टोअरकीपरला पोचलं. कंपनी विकली जात असताना त्यानं सुट्या भागांचं एक कपाट घरी नेलं होतं. त्याचं उत्तर आलं: 'दोन सीट आहेत. एक पाठवतो. दुसरी माझ्याकडे राहू दे, नाहीतर करमायचं नाही.' सोबत पावती.

पुढच्या सोमवारी मिस्त्रींनी सांगितलं, "येतोय." ते 'येतोय' खरं होतं. जावईबापूंनी दुकानातल्या पितळी घंटीवर टिचकी मारली आणि कवळीची गोष्ट सांगितली.

पाकीट आलं ते थंडीच्या सुरुवातीला, एका गुरुवारी. मिस्त्रींनी ते फोडलं, सीट उजेडात धरली, गेजनं मोजली. अस्सल होती. आणि त्याच दुपारी धाकटी दुकानात आली. ती सहसा यायची नाही. गंज काढायच्या आम्लाच्या वासानं तिला शिंका येत. आज शिंका देत देतच ती उभी राहिली.

"दादा, ती वस्तू आली?"

"आत्ताच."

"ह्यांना सांगितलंस?"

"अजून नाही."

तिनं पाकिटाकडे पाहिलं. "आजवर तू ह्यांना एकही वस्तू खराब दिली नाहीस. एकतीस वर्षं हे खाली गेले की मी तुझ्या भरवशावर भात टाकायची. माहितीये ना तुला?"

"माहितीये."

"मग आता ही एक चांगली वस्तू देऊ नकोस."

मिस्त्री म्हणाले, "मी नाही म्हणालो तर तो दुसरीकडे जाईल."

"नाही म्हणू नकोस. येतोय म्हण." ती परत शिंकली. "सगळे म्हणतात. तुझ्यावर तर ते देवासारखा विश्वास ठेवतात. डॉक्टर मला बाहेर नेऊन बोललेत, दादा. तुला सांगितलं नाही मी सगळं."

तिनं सगळं सांगितलं नाही, आणि मिस्त्रींनी विचारलं नाही. त्यांनी पाकीट सगळ्यात खालच्या खणात टाकलं. त्या खणाला चिठ्ठी नव्हती.

सोमवारी जावईबापू आले. "आला?"

"येतोय," मिस्त्री म्हणाले, आणि बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिले. त्यात वॉल्व्ह नव्हता.

खोटं बोलायला उमेदीतच शिकावं. अडुसष्टाव्या वर्षी शिकणाऱ्याची फार ओढाताण होते. मिस्त्रींना कारणं सुचत नसत. पहिल्या महिन्यात त्यांनी टपाल हरवलं. दुसऱ्यात बंदराचा संप केला. तिसऱ्यात त्या बिचाऱ्या स्टोअरकीपरला आजारी पाडलं, आणि जावईबापू इतके हळहळले, की मिस्त्रींना पुढच्याच सोमवारी त्याला बरं करावं लागलं. कुठल्याही शेंबड्या गिऱ्हाइकानं पकडलं असतं, इतकं ते खोटं कच्चं होतं. पण जावईबापू ऐकून घेत आणि मान डोलावत. पंपवाल्याचा मुलगा एकदा दारातून डोकावून म्हणालाही, "काका, आठ-आठ आठवडे पार्ट येत नसतो. तुम्हाला टोपी घालतायत." जावईबापू त्याच्यावर चवताळले. "हा तुझा बाप नाही! हा येतोय म्हणाला म्हणजे येतोय!"

मिस्त्रींनी त्या दिवशी एकाच वॉल्व्हला दोनदा रिंग बसवली.

सोमवारामागून सोमवार गेले. पहिल्यांदा जावईबापू गल्लीच्या तोंडापासून चालत येत, मग मधल्या कट्ट्यावर थोडं टेकून. मग येताना काठी. मग आल्यावर 'आला?' विचारायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बसून राहणं. मिस्त्री हे बघत आणि मनाशी म्हणत, बघ, या अवस्थेत हा पाण्यात उतरला असता तर? बरंच केलं आपण. दर आठवड्याला त्यांना वाटे, की आपलं खोटं थोडं थोडं खरं ठरत चाललंय. माणूस थकत होता, आणि जेवढा थकत होता तेवढे मिस्त्री बरोबर ठरत होते. या हिशेबात काहीतरी घाण आहे, एवढं त्यांना जाणवत होतं. काय ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं.

पस्तिसाव्या सोमवारी जावईबापू आलेच नाहीत. अकरा वाजता धाकटी आली. चेहरा पांढरा.

"दादा, तू दिलास का रे शेवटी?"

"काय?"

"वॉल्व्ह. सकाळी उठून बघते तर टाकीवर वॉल्व्ह लावलेला. शीळ घालत होते. हातगाडीवर टाकी घातली आणि हवा भरायला गेले. म्हणाले, तुझ्या दादाला किती त्रास द्यायचा, मीच शोधला भंगारात."

मिस्त्री उठून उभे राहिले. "कसा होता वॉल्व्ह? जुना, काळपट?"

"छे. चकचकीत. नवाच."

मिस्त्रींनी गेज उचललं आणि निघाले. दुकान उघडं टाकून ते चाळीस वर्षांत कधी गेले नव्हते. धाकटी मागून "काय झालं, काय झालं" करत येत होती. त्यांना पळायचं होतं, पण पळण्याचा सराव सुटून एवढी वर्षं झाली होती, की पाय नुसते जोरात चालले.

हवा भरायची शेड धक्क्याला लागून. तिथं कॉम्प्रेसर चालवायच्या हवावाल्या बाई. बाई कडक होत्या. तपासणीची तारीख टळलेली टाकी त्या दारातून परत पाठवत. पण तारीख त्या टाकीची बघत, माणसाची नाही. आणि जावईबापूंच्या टाकीची तपासणी मिस्त्रींनीच वेळच्या वेळी करून ठेवली होती. वस्तू नीट ठेवायची खोड.

टाकी पाण्याच्या पिंपात उभी होती, कॉम्प्रेसरची नळी लावलेली. दाबाचा काटा नव्वदावर. जावईबापू बरोबर वॉल्व्हवर वाकून, कान देऊन ऐकत होते.

"बाजूला हो!" मिस्त्री ओरडले. "बाई, बंद करा! मशीन बंद!"

बाईंनी बटण दाबलं. "का हो? गळत तर नाही कुठे."

"गळत नाही हेच वाईट आहे. सगळे बाहेर. तूही. ऊठ!"

"अरे पण बसलाय छान. जरा सैल लागला आधी, मग घट्ट—"

"ऊठ म्हणतो ना, गाढवा!"

इतक्या वर्षांत त्यांनी मेहुण्याला गाढव म्हटलं नव्हतं. जावईबापू उठले. बाई त्यांचा दंड धरून बाहेर घेऊन गेल्या.

मग शेडमध्ये मिस्त्री आणि टाकी दोघंच उरले. तोंड भिंतीकडे वळवून, अंग बाजूला ठेवून, एक हात तेवढा पुढे करून त्यांनी नळीकडची हवा सोडली, आणि मग वॉल्व्हची मूठ जेमतेम पाव फेरा फिरवली. टाकी सुस्कारे टाकायला लागली. रिकामी व्हायला पंचवीस मिनिटं लागली. पंचवीस मिनिटं त्यांनी हात काढला नाही. हाताचा बर्फ झाला, कारण सुटणारी हवा गार असते. काटा शून्यावर बसल्यावर त्यांनी वॉल्व्ह दोन बोटांनी फिरवून काढला. पान्हा लागलाच नाही.

बाहेर उन्हात त्यांनी तो जावईबापूंच्या हातावर ठेवला. वरचे आटे तासल्यासारखे झिजले होते, पितळेचा भुगा चिकटलेला.

"मिलिमीटरचा आहे," मिस्त्री म्हणाले. "टाकी इंचाची. तुला माहीत नाही? तुला?"

जावईबापूंनी वॉल्व्ह डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "त्यावर आकडा असतो तो मला दिसला नाही रे. हातानं चाचपून बघितलं. हाताला बरोबर लागलं." ते ओशाळवाणं हसले. "भंगारवाला म्हणाला सगळे सारखेच असतात. तुझ्याशिवाय दुसऱ्याचं ऐकलं की असं होतं बघ. चल, ठीक आहे. थांबू अजून थोडं. किती लांब आलाय म्हणालास आपला पार्ट?"

हवावाल्या बाई कॉम्प्रेसर पुसत होत्या. धाकटी दाराला टेकून उभी होती. मिस्त्रींचा उजवा हात अजून बधिर होता, तो त्यांनी काखेत धरला.

"आलाय," ते म्हणाले.

"आज?"

"थंडीत."

जावईबापूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. एकतीस वर्षं ज्यानं काळोख्या पाण्यात हातांनी चाचपून वस्तू ओळखल्या, त्याला यापुढे काही सांगावं लागलं नाही.

"बहीण-भाऊ," ते म्हणाले. मग हातगाडीची मूठ धरली.

धाकटी मिस्त्रींच्या दुकानापर्यंत बरोबर आली. दारात म्हणाली, "दे त्यांना आता. नाहीतर परत भंगारात जातील." आणि शिंका यायच्या आत निघून गेली.

मिस्त्रींनी त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. जुना वॉल्व्ह पूर्ण खोलला, दांड्याला नवं ग्रीस दिलं, नवीन रिंगा घातल्या, ती सीट बसवली. बादलीत एकही बुडबुडा आला नाही. चाळीस वर्षांत इतकं चांगलं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं, आणि त्यांना ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं धक्क्याच्या पायऱ्यांवर आले. टाकी भरलेली. हातगाडीवरून ती पायरीपर्यंत मिस्त्रींनी आणली. पाणी शांत, हिरवट. जावईबापूंनी टाकीचा पट्टा स्वतः तपासला, नळी जोडली, मूठ उघडली, दोन श्वास घेऊन बघितले. कालपासून ते फारसं बोलले नव्हते, पण बोटं मात्र जुन्या सवयीनं भराभर चालत होती. पायरीवर बसून त्यांनी दोन्ही खांद्यांत पट्टे अडकवले.

"हं," ते म्हणाले, आणि उठले.

उठले नाहीत. हात गुडघ्यांवर दाबले, मान पुढे केली, चेहरा लाल झाला, आणि टाकीसकट ते होते तिथंच बसून राहिले. मिस्त्रींनी मागून टाकीचा भार उचलला. "आता बघ."

पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा मिस्त्रींनीच थांबवलं.

"टाकी पाण्यात सोडू," मिस्त्री घाईघाईनं म्हणाले. "तू तसाच उतर. पाण्यात घाल ती, तिथं वजन लागत नाही. तुम्ही पाणबुडे नाही का नवख्यांना—"

"उतरेन रे." जावईबापू कडेच्या लोखंडी शिडीकडे बघत होते. शेवाळलेल्या अकरा पायऱ्या. "चढू कसा?"

"मी खेचीन."

"तू? काल चालून आलास तर तोंडाला फेस आला होता." ते हसले नाहीत. टाकीच्या पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, "मी ही खांद्यावर घेऊन तुझ्याकडे आलो होतो. आठवतं?"

मिस्त्रींना आठवत होतं.

जावईबापूंनी चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात सोडले. मग त्यांनी नळी तोंडात धरली, डोळे मिटले आणि श्वास घ्यायला लागले. आत ओढताना बारीक शिट्टी, बाहेर सोडताना घरघर. पाण्याखाली जातात तसा, सावकाश, लांब श्वास.

मिस्त्री शेजारच्या पायरीवर बसले. ज्याच्या तोंडात नळी आहे त्याला उत्तर देता येत नाही. म्हणून असेल, ते बोलायला लागले.

"तू एकदा तरी शंका घ्यायची होतीस रे. दुसरा कुणी असता तर तिसऱ्या आठवड्यात त्याची गचांडी धरली असतीस. मी स्टोअरकीपरला आजारी पाडलं आणि तू त्याला पत्र लिहू या म्हणालास! मला वाटायचं, आज हा म्हणेल, चल दाखव पावती. म्हणाला असतास तर मी सीटच काढून दिली असती. शप्पथ. खालच्या खणात होती. तू बसायचास त्या स्टुलापासून हाताच्या अंतरावर."

शिट्टी. घरघर.

"ती म्हणाली म्हणून केलं, असं मी म्हणणार नाही. मलाही तू वर हवा होतास. दर सोमवारी यायचास, बसायचास. पार्ट दिला असता तर मग कशाला आला असतास?"

हे वाक्य कुठून आलं, ते मिस्त्रींना कळलं नाही. त्यांनी ते आधी कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. शिट्टी क्षणभर थांबली. मग पुन्हा सुरू झाली. जावईबापूंचे डोळे मिटलेलेच होते, फक्त पाण्यातला एक पाय थोडा हलला.

खोलात अर्धा तास पुरणारी हवा काठावर दोन-अडीच तास पुरते. दोघं बसून राहिले. ऊन पायरीवर आलं, मग मांडीवर आलं. एक होडी गेली, तिच्यावरच्या माणसानं धक्क्यावर बसून हवा पिणारा म्हातारा बघितला आणि वल्हं मारायचं विसरला.

काटा पन्नासावर आला तेव्हा जावईबापूंनी डोळे उघडले. पाणबुड्या टाकी शेवटपर्यंत ओढत नाही. पन्नासाला वर निघायचं, हा नियम. त्यांनी मिस्त्रींकडे बघून अंगठा वर केला. जमिनीवर याचा अर्थ मस्त चाललंय. पाण्याखाली त्याचा अर्थ एवढाच, की संपलं, वर चला. खुणेला तीच खूण करून उत्तर द्यायचं असतं. मिस्त्रींनी अंगठा वर केला.

धाकटी तेव्हाच वरून पायऱ्या उतरत होती. ती सकाळपासून घरात घड्याळ बघत बसली होती. भात टाकलाच नव्हता. तिनं दोघांचे अंगठे पाहिले आणि उरलेल्या पायऱ्या भराभर उतरली.

"आलात वर?" ती म्हणाली. "झालं मनासारखं? किती खोल गेलात?"

जावईबापूंनी तोंडातली नळी काढली. ओठांवर तिचे वळ उठले होते.

"फार नाही," ते म्हणाले. "धक्क्याजवळच."

"आणि गुडघे?"

"आठवलेसुद्धा नाहीत."

मिस्त्री वाकून वॉल्व्हची मूठ बंद करत होते. ती पहिल्याच फेऱ्यात बंद झाली. जराही सूं आला नाही.

धाकटीनं खांद्यावरचा टॉवेल काढला. तेव्हा तिचं नवऱ्याच्या केसांकडे लक्ष गेलं. वाऱ्यानं ते भुरभुरत होते. शर्टाची कॉलर कडक इस्त्रीची होती. तिनं भावाकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. मग ती पायरीवर, नवऱ्याच्या मागे, गुडघे टेकून बसली आणि त्याचं कोरडं डोकं टॉवेलनं पुसायला लागली. आधी मागून, मग कानांमागे, मग कपाळ, खाऱ्या पाण्यातून आलेल्या माणसाचं पुसतात तसं, वेळ घेऊन.